डबा उघडण्याआधीचं कस्टम्स, आणि नंतरचं

बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेली आणि आता मुंबईत मालिकांसाठी लिहिणारी एक मुलगी विचारते: "काका, तस्करी आणि फसवणूक पकडणाऱ्या कस्टम्स अधिकाऱ्यांवर मालिका लिहायची आहे. निर्मात्याला पाठलाग, गोळीबार आणि सोन्याची बिस्किटं हवी आहेत. प्रत्यक्षात काम कसं चालतं? आणि गोष्ट आपल्या बडोद्यात घडवली तर चालेल का? इथे तर समुद्रच नाही."

समुद्राचं आधी घेतो. तो नसल्याने काहीही अडत नाही. बडोद्याजवळच्या दशरथ गावात कॉनकॉरचा (रेल्वेच्या कंटेनर कंपनीचा) डेपो आहे. बंदरावर उतरलेला डबा (कंटेनरला आमच्यात सगळे डबाच म्हणतात) सीलबंद तिथे येतो आणि त्याची बिल ऑफ एंट्री (आयातदार कस्टम्सला देतो तो मालाचा जाहीरनामा) तिथलीच असते. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने बंदर शहराला लागूनच आहे. वर नंदेसरी, मकरपुरा, पादरा हा कारखान्यांचा पट्टा. रसायनं आणि औषधं म्हणजे बहुतेक वेळा पांढरी पावडर नाहीतर पाण्यासारखा दिसणारा द्रव. नुसतं बघून कोणीच काही सांगू शकत नाही. मग नमुना काढायचा, पिशवीला लाखेचं सील मारायचं, लेबलावर आयातदाराच्या माणसाची सही घ्यायची आणि खात्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. ती प्रयोगशाळाही बडोद्यात आहे. एका रसायनाचं नाव बदललं की टॅरिफमधलं (ड्यूटीच्या दरांच्या तक्त्यातलं) शीर्षक बदलतं, आणि त्याबरोबर ड्यूटी. तुझा खलनायक एखादा केमिस्ट असू शकतो, हे निर्मात्याला सांगून बघ.

मी सेंट्रल एक्साइजमध्ये इन्स्पेक्टर म्हणून लागलो. गुजरातमधली आमच्या केडरची माणसं बदल्यांच्या फेऱ्यात कस्टम्सला जातात. कच्छमधली कांडला आणि मुंद्रा ही बंदरं, अहमदाबादचा विमानतळ. निवृत्तीनंतर आता लोकांच्या शो कॉज (कारणे दाखवा) नोटिसांना उत्तरं लिहून देतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे. पडद्यावरच्या कस्टम्सबद्दल माझी मुख्य तक्रार एकच. तिथे माल सापडला की भाग संपतो, पार्श्वसंगीत वाजतं, साहेब गॉगल चढवतात. आमच्याकडे माल सापडला की खरी धाकधूक सुरू होते, कारण पुढची कित्येक वर्षं तो पंचनामा कोणीतरी भिंगातून वाचणार असतो.

आधी डबा निवडला कसा जातो ते समजून घे. रोज येणाऱ्या सगळ्या डब्यांना हात लावणं शक्य नाही आणि तसा प्रयत्नही कोणी करत नाही. २०११ पासून आयातदार स्वतःची ड्यूटी स्वतःच मांडतो. त्याआधीच, २००५ च्या सुमारास, जोखीम ठरवणारी संगणक प्रणाली आली. तीच सांगते की हा डबा सोडा, याचे कागद बघा, हा उघडा. २०२० मध्ये फेसलेस असेसमेंट देशभर लागू झाली. त्यामुळे दशरथच्या मालाचे कागद भलत्याच शहरातला अधिकारी तपासत असतो आणि आयातदाराला त्याचं नावही कळत नाही. "साहेबांना भेटून फाईल काढून घेतो" हा संवाद आता जुना झाला. आजच्या मालिकेत तो घातलास तर आमच्यातले लोक हसतील.

संशय येतो तो बहुतेक वेळा कागदातून. सप्टेंबर २०२१ मधलं मुंद्र्याचं प्रकरण आठवत असेल. दोन डबे, २,९८८ किलो हेरॉइन. कागदावर माल अफगाणिस्तानातला अर्धवट प्रक्रिया केलेला टाल्क दगड, जहाज इराणच्या बंदर अब्बासचं आणि आयातदार विजयवाड्याचा. मोठ्या जंबो पिशव्या, वर दगड, खालच्या थरात हेरॉइन. बातमीत सगळ्यांना वजन दिसलं. आमच्यातल्या कोणीही आधी नकाशा बघितला असता. विजयवाड्याच्या माणसाला पूर्व किनाऱ्यावरची बंदरं उशाशी असताना स्वस्तातला दगड कच्छमध्ये कशाला उतरवायचा असतो? दगडाच्या किमतीपेक्षा गाडीभाडं जास्त होईल. असले प्रश्न विचारणारं पात्र तुझ्या मालिकेत हवं, आणि ते बंदुकीशिवाय चालेल.

आता फसवणूक. तस्करीपेक्षा हा भाग जास्त रंगतो आणि मालिकांमध्ये जवळजवळ येतच नाही, म्हणून जरा रेंगाळतो. समज, एका शेठने परदेशातून यंत्र मागवलं. खरी किंमत एक लाख डॉलर. बिल ऑफ एंट्रीबरोबर जोडलेलं इन्व्हॉइस चाळीस हजारांचं. चाळीस बँकेतून गेले, उरलेले साठ हवाल्याने. त्यासाठी लागणारी रोकड इथल्या इथे आंगडियाकडून (रोकड पोहोचवणाऱ्या पेढीकडून) फिरली. कागद चोख, बँकेची पावती चोख. पकडणार कसं? "एवढं स्वस्त कसं?" एवढं म्हणून भागत नाही. कस्टम्स कायद्याच्या कलम १४ प्रमाणे प्रत्यक्ष व्यवहारात ठरलेली किंमत मानावी लागते. २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या बाराव्या नियमाने आधी रास्त शंका लेखी मांडायची, आयातदाराला संधी द्यायची, मग किंमत नाकारायची आणि त्यानंतर क्रमाने पुढे जायचं: तसाच माल दुसऱ्या कोणी कितीला आणला, मिळताजुळता माल कितीला आला. मधली पायरी गाळली की अपिलात केस गेलीच म्हणून समज. शेठचा वकील सांगतोच, जुना स्टॉक होता, मोठी ऑर्डर होती, सवलत मिळाली.

मग धागा सापडतो तो भलतीकडे. माझा सगळ्यात आवडता कागद म्हणजे मरीन इन्शुरन्सची पॉलिसी. शेठ कस्टम्सला खोटं सांगतो, पण जहाज बुडालं तर स्वतःचं नुकसान त्याला नको असतं. म्हणून विमा खऱ्या किमतीचा उतरवलेला निघतो. रिवाज मालाच्या सीआयएफ (माल, विमा आणि जहाजभाडं मिळून होणाऱ्या) किमतीवर दहा टक्के चढवून विमा घेण्याचा. म्हणजे चाळीस हजारांच्या मालाला साधारण चव्वेचाळीस हजारांची पॉलिसी हवी, आणि फाईलमध्ये एक लाख दहा हजारांची असते! कधी पॉलिसी हाती लागत नाही, पण फॉरवर्डरच्या (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्याच्या) ईमेलला खरं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस चिकटलेलं राहतं. कधी परदेशातल्या आपल्या कस्टम्स अधिकाऱ्यांमार्फत तिथलं निर्यातीचं डिक्लेरेशन मागवतात. त्याला महिने लागतात, पण ते आलं की शेठकडे बोलायला काही उरत नाही. या सगळ्यात नाट्य कुठे आहे असं निर्माता विचारेल. एका छोट्या ऑफिसात तीन माणसं कपाटभर फाइली चाळताहेत, बाहेर शेठचा मुनीम येरझाऱ्या घालतोय आणि त्याला ठाऊक आहे की नेमकी ती पॉलिसी कुठल्या फाइलीत आहे. यात नाट्य दिसत नसेल तर त्याने विनोदी मालिका काढावी.

निर्यातीतली लबाडी याच्या उलटी चालते. तिथे किंमत फुगवायची. चिंध्यांना उंची कपडे म्हणून बाहेर पाठवायचं आणि ड्रॉबॅक (निर्यातीवर परत मिळणारी ड्यूटी) किंवा आयजीएसटीचा परतावा खिशात घालायचा. निर्यातदाराच्या पत्त्यावर गेलं तर बंद खोली, मालक म्हणून दाखवलेला माणूस भलतंच काहीतरी काम करणारा, आणि माल ज्या ट्रकने आला म्हणून लिहिलंय तो नंबर आरटीओत स्कूटरचा निघतो. विनोदासाठी एक भाग इथे सहज होईल.

आता डबा उघडूया, कारण तो तुला हवाच आहे. पहिली गोष्ट वजनकाटा. रिकाम्या वीस फुटी डब्याचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास असतं आणि ते दारावर लिहिलेलंच असतं. काट्यावरच्या आकड्यातून ते वजा करायचं आणि पॅकिंग लिस्टशी ताडायचं. मग सीलचा नंबर कागदाशी जुळतो का ते बघायचं. सील शाबूत आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. दाराच्या हँडलचे रिव्हेट काढून दार उघडतात आणि सीलला धक्का न लावता परत बसवतात. जुना हात रिव्हेटवरचा रंग नवा आहे का ते नखाने खरवडून बघतो. हा क्लोजअप घे. दार उघडल्यावर पहिल्या रांगा नेहमी खऱ्या मालाच्या असतात. ज्याला शोधायचंय त्याने मजूर लावून मागची भिंत दिसेपर्यंत डबा रिकामा करायचा. मे महिन्यात दशरथच्या यार्डात हे काम म्हणजे काय ते कॅमेऱ्याला सांगता येणार नाही.

आणि हे सगळं दोन पंचांसमोर. पंच कोण, यावर केस उभी राहते किंवा आडवी होते. चहावाला, शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर, कोणीही चालतो, पण ठरलेला सराईत पंच नको. वकिलाचा पहिला प्रश्न असतो, "साहेब, हा गृहस्थ तुमच्या आणखी किती पंचनाम्यांत आहे?" घराची झडती असेल तर आत शिरण्याआधी अधिकारी स्वतःची झडती देऊ करतात, काम झाल्यावरही देतात आणि दोन्ही गोष्टी पंचनाम्यात लिहितात, म्हणजे उद्या "यांनीच आणून ठेवलं" म्हणता येऊ नये. एखाद्याची अंगझडती घ्यायची तर त्याला हक्क आहे की मला राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे न्या. बाईची झडती बाईच घेते. एकाही मालिकेत अधिकाऱ्याने दारात उभं राहून "आधी माझे खिसे तपासा" म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. किती छान सुरुवात होईल त्या प्रसंगाची!

सोन्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हा सगळ्यांना पाठ असतं. बिस्किट म्हणजे जुन्या काळचं दहा तोळ्यांचं टीटी, ११६.६४ ग्रॅम. हल्ली पेस्ट जास्त येते. सोन्याची भुकटी रसायनात मळून कमरपट्ट्यात नाहीतर कॅप्सूलमध्ये भरायची, म्हणजे मेटल डिटेक्टर चुकवता येईल अशी आशा. धंदा चालतो तो ड्यूटीच्या फरकावर. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरची ड्यूटी पंधरा टक्क्यांवरून सहावर आणली, ती एका अर्थी तस्कराच्या नफ्यावरच घातलेली कुऱ्हाड होती. कायद्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे कलम १२३. रास्त समजुतीने जप्त केलेलं सोनं तस्करीचं नाही, हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर असतो. बाकी जवळजवळ सगळ्या मालात तो आमच्यावर.

पोटात कॅप्सूल गिळून आलेल्या माणसाचा प्रसंग मात्र जसाच्या तसा दाखव. तो स्वतः कबूल झाला तर गोष्ट वेगळी, नाहीतर एक्स-रेसाठी कलम १०३ खाली मॅजिस्ट्रेटची परवानगी काढावी लागते. त्यानंतर सरकारी इस्पितळ. दोन अधिकारी आळीपाळीने पलंगाशेजारी बसलेले आणि निसर्गक्रमाची वाट बघणं चालू. प्रत्येक कॅप्सूल धुऊन मोजायची, पंचांना दाखवायची आणि लिहायची. घरी बायकोला "आज काय केलंत?" याचं उत्तर देता येत नाही. आमच्या खात्यातलं शौर्य पुष्कळदा अशा वॉर्डात खर्ची पडतं.

चौकशीची खोली हा मालिकांचा लाडका भाग. कानाखाली मारलं की माणूस बोलतो, असं तिथे चालतं. खऱ्या आयुष्यात कलम १०८ चं समन्स जातं, माणूस येतो, जबाब देतो, शक्यतो स्वतःच्या हाताने लिहितो आणि प्रत्येक पानावर सही करतो. कस्टम्सचा अधिकारी पोलिस नाही हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकापासून धरलं आहे, म्हणून हा जबाब पुराव्यात चालतो. अमली पदार्थांच्या कायद्याखाली मात्र २०२० च्या तोफान सिंग निकालानंतर तसा कबुलीजबाब चालत नाही. आणि अटकेच्या वेळी कारणं देणं, नातेवाइकांना कळवणं ही संरक्षणं कस्टम्सलाही लागू आहेत, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं. वकील बरोबर येऊ शकतो का? न्यायालयाने परवानगी दिली असेल तर तो दिसेल इतक्या अंतरावर बसतो, पण त्याला ऐकू येणार नाही अशा बेताने. काचेपलीकडे वकील आणि अलीकडे घाम पुसणारा शेठ, ही चौकट तुला फुकट मिळते आहे.

शेठ दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे "धमकावून लिहून घेतलं" म्हणून जबाब फिरवतो, हे जवळपास ठरलेलं. म्हणून शहाणा अधिकारी जबाब मिळाला म्हणून पेढे वाटत नाही. त्या जबाबातून पुढचा कागद कुठे आहे तेवढं काढून घेतो आणि त्याच रात्री तिथे पोहोचतो.

यानंतरचं घड्याळ ऐकू यायला हवं. माल जप्त केला की सहा महिन्यांत शो कॉज नोटीस द्यायची. वरिष्ठांनी कारणं लिहून मुदत वाढवली तर आणखी सहा. तेवढ्यात जमलं नाही तर माल ज्याचा त्याला परत. ड्यूटीची मागणी साध्या चुकीत दोन वर्षांपर्यंत मागे जाते, लबाडी सिद्ध होत असेल तर पाच. तपास करणारा आणि निकाल देणारा वेगळा. मग आयुक्तांकडे अपील, नाहीतर थेट अहमदाबादचं सेस्टॅट (कस्टम्सच्या अपिलांचं न्यायाधिकरण), त्यापुढे हायकोर्ट किंवा सर्वोच्च न्यायालय. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅनन इंडिया प्रकरणात म्हटलं की डीआरआयचे (महसूल गुप्तचर संचालनालयाचे) अधिकारी अशी मागणीची नोटीस काढायला योग्य अधिकारीच नाहीत. वर्षानुवर्षं राबून उभ्या केलेल्या कितीतरी केसेस एका निकालाने लटकल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये फेरविचारात तोच निकाल फिरला. या साडेतीन वर्षांत एखादा अधिकारी निवृत्त झाला असेल, एखादा शेठ स्वर्गवासी. तुझ्या मालिकेचा दुसरा सीझन इथे आहे.

निर्मात्याला पाठलाग हवाच असेल तर १९९१ मधलं गोव्याचं कॉस्ताव फर्नांडिस यांचं प्रकरण बघ. सोनं नेणाऱ्या गाडीचा एकट्याने पाठलाग, झटापटीत समोरच्याचा मृत्यू, आणि खुनाचा खटला अधिकाऱ्यावरच. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं तेव्हा ते सुटले. पाठलाग काही मिनिटांचा, खटला कितीतरी वर्षांचा. भागांची वाटणी त्याच प्रमाणात कर.

खबऱ्याबद्दल लोक फार चुकीचं दाखवतात. काळोख्या बारमध्ये पाकीट देणारा तो नव्हे. पुष्कळदा तो दुखावलेला भागीदार, काढून टाकलेला अकाउंटंट किंवा शेठचा सख्खा मेव्हणा असतो. खबर लिहून घेतात, नावाऐवजी डाव्या अंगठ्याचा ठसा घेतात आणि पाकीट सीलबंद. न्यायालयातही त्याचं नाव उघड होत नाही. बक्षीस वीस टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, पण बरंचसं केस निकाली निघाल्यावर. मेव्हण्याला तोवर दर दिवाळीला शेठच्या घरी फराळाला जावं लागतं.

जुन्या काळातला एखादा भाग हवा असेल तर बडोद्याला तोही आहे. काठियावाडच्या बंदरांतून ब्रिटिश मुलखात येणाऱ्या मालावर विरमगामला जकातीची रेषा होती. प्रवाशांचे हाल व्हायचे. गांधीजींनी व्हाइसरॉयपर्यंत तक्रार नेली आणि १९१७ मध्ये ती उठली. पुढे गायकवाड सरकारने ओखा बंदर बांधलं, ते १९२६ मध्ये सुरू झालं, आणि १९२७ मध्ये ब्रिटिशांनी विरमगामची रेषा पुन्हा ओढली. संस्थानाचा कारकून, नाक्यावरचा साहेब आणि मधे अडकलेला व्यापारी. पगडी-धोतराचा खर्च परवडला तर जरूर घे.

एक मात्र कळकळीने सांगतो. "तुमच्या नावाचं पार्सल मुंबई कस्टम्सने पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत, कॅमेऱ्यासमोरून हलू नका" असले फोन आपल्याकडच्या निवृत्त माणसांना येतात आणि ती घाबरून पैसे भरतात. त्यांना ते खरं वाटतं, कारण पडद्यावरचा कस्टम्सवाला असाच दरडावतो. व्हिडिओ कॉलवर अटक कोणत्याही कायद्यात नाही. ड्यूटी कोणाच्या खासगी खात्यात भरली जात नाही. नोव्हेंबर २०१९ पासून आमच्या खात्याच्या समन्स, अटक आणि झडतीच्या कागदांवर डीआयएन हा कागदाचा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या (आमच्या खात्याच्या केंद्रीय मंडळाच्या) संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. तुझ्या अधिकाऱ्याने समन्स दिल्यावर समोरच्या म्हाताऱ्याने चष्मा लावून आधी तो क्रमांक तपासला, एवढं जरी दाखवलंस तरी इथली चार घरं वाचतील.

लिहायला बसण्याआधी एक काम कर. दशरथच्या डेपोत आणि प्रयोगशाळेत परवानगीशिवाय सोडणार नाहीत, पण सेस्टॅटची सुनावणी खुली असते. सकाळच्या गाडीने अहमदाबादला जा आणि मागच्या खुर्चीत बस. कुठला तरी वकील उठून म्हणेल की आमच्या अशिलाला पंचाची उलटतपासणी घेऊ दिली नाही. मग खात्याचा प्रतिनिधी फाइलीत कोणतं पान शोधतो आणि ते सापडेपर्यंत त्याचा चेहरा कसा होतो, ते बघून ये.